बारावा गडी

परवा एका लग्नात मठ्ठा वाढणाऱ्या गृहस्थांना सहज विचारलं, "मुलीकडचे की मुलाकडचे?" ते हसून म्हणाले, "आम्ही काय, बारावा खेळाडू!" आणि बादली उचलून पुढच्या पानाकडे गेले. मे महिन्यातली सोलापूरची दुपार, कार्यालयाचे पंखे गरम हवाच फिरवत होते, आणि अख्ख्या मांडवात सगळ्यात जास्त पळत होता तो हाच माणूस.

'बारावा खेळाडू' म्हणजे बिनकामाचा, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलंय, ते मला खपत नाही. (आमच्या आजीला तर 'बारावा' हा शब्दच घरात चालायचा नाही. त्याचं कारण वेगळं.) अहो, क्रिकेटमध्ये खेळतात अकरा, आणि हा राखीव गडी दिवसभर पांढरे कपडे घालून तयार बसलेला असतो. पाणी नेतो, ग्लोव्हज नेतो, कुणाचा पाय आखडला की पळत जाऊन उभा राहतो. बॉलिंग करायची नाही, बॅटिंग करायची नाही, कॅप्टन व्हायचं नाही. विकेटकीपिंगसुद्धा 2017पर्यंत करता येत नव्हतं, आता अंपायरनी हो म्हटलं तर येतं.

ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनला पहिल्या कसोटीनंतर वगळला आणि 1928च्या सिडनी कसोटीत बारावा केला. तिथं त्याच्याच संघातल्या पॉन्सफर्डचा हात मोडला, म्हणून ब्रॅडमनला निदान फील्डिंग तरी मिळाली. 2005मध्ये ट्रेंट ब्रिजवर बदली म्हणून येऊन ऑस्ट्रेलियाच्या रिकी पाँटिंगला थेट फेकीवर धावबाद करणारा गॅरी प्रॅट इंग्लंडकडून एकही कसोटी खेळला नाही. आणि आपला गुरशरण सिंग! 1983मध्ये अहमदाबादला वेस्ट इंडिजविरुद्ध बदली म्हणून आला आणि चार झेल घेऊन गेला. स्वतःची कसोटी मिळाली 1990मध्ये, ऑकलंडला. तेवढी एकच.

आमच्या गल्लीतल्या टीममध्ये बाराव्याला मान होता, कारण पाणी त्याच्याकडे. सोलापुरात पाणी मागणं म्हणजे गंमत नाही. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळं कुणाच्या हौदात किती उरलंय, कोणत्या काकू दार लावून घेतील, आणि कोणत्या पद्मशाली अक्का चार शिव्या देतील पण कळशी भरूनच पाठवतील, हे सगळं त्याला तोंडपाठ लागायचं. रन काढणारे काय, कुणीही होते.

गल्लीतली निम्मी घरं कापड गिरणीवर चालायची. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, गिरणीत बदली कामगार. पहाटेच्या भोंग्याला उठायचं, भाकरी फडक्यात बांधायची आणि गेटवर जाऊन उभं राहायचं. साचाखात्यात, म्हणजे मागांवर, कुणाचा खाडा पडला आणि जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, नाव पुकारलं, तर आत. नाहीतर आठच्या सुमाराला परत. परत आले की ओट्यावर बसून तीच बांधलेली भाकरी शेंगाचटणीशी खायचे. काकू आतून म्हणायची, "गरम टाकते की एक." तात्या नको म्हणायचे. डब्याची भाकरी कामाची असते, ती तशीच संपवायची, असा काहीतरी त्यांचा हिशेब होता.

कुणीतरी आजारी पडल्याशिवाय आपली चूल पेटत नाही, आणि कुणी आजारी पडावं असं तर देवापुढं म्हणता येत नाही. काकू सिद्धेश्वराला हात जोडून नेमकं काय मागत असेल, कोण जाणे.

तात्यांना क्रिकेटचं काही नव्हतं. एकदा रेडिओवर कॉमेंट्री चालू असताना मी त्यांना हा बारावा खेळाडू नीट समजावून सांगितला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुकारा नाही झाला, तरी हजेरी मांडतात का त्याची?"

"पैसे मिळतात की."

"मग बदली कसला बे तो," तात्या म्हणाले, आणि रेडिओ बंद करून टाकला.