पोखरा ते जोमसोम: खिडकीतून पर्जन्यछाया

सातारा जिल्ह्यात भूगोल शिकवणाऱ्या बाईला पर्जन्यछायेचं, म्हणजे डोंगराआडच्या कोरड्या पट्ट्याचं, उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माणदेशात पाचशेची मारामार. फळ्यावर सह्याद्री काढायचा, डावीकडून वाऱ्याचे बाण, माथ्यावर ढग, उजवीकडे कोरडं माण. निवृत्त होईपर्यंत मी हे चित्र काढत आले. त्याच चित्रावरून कधी विमानाने जायला मिळेल हे काही डोक्यात नव्हतं. मी निघाले होते वन्संना नेपाळातल्या मुक्तिनाथला, विष्णूच्या दर्शनाला घेऊन.

वन्सं फलटणच्या. माउलींची पालखी गावात मुक्कामाला येते, त्यामुळे वारी त्यांच्या अंगातच. आता गुडघे साथ देत नाहीत. मुक्तिनाथ ही त्यांच्या यजमानांची राहिलेली इच्छा. त्यासाठी आधी जोमसोम गाठायचं. पोखऱ्याहून जोमसोमला रस्त्याने जायचं तर बेनीमार्गे दीडशेहून जास्त किलोमीटर आणि आठ-दहा तास, तेही रस्ता धड असला तर. विमानाने वीस मिनिटं. वन्संना हेच पटत नव्हतं.

"वीस मिनिटांत पोचायचं तर त्याला यात्रा कशाला म्हणायचं? पांडुरंग म्हणेल, आलीस तशी जा."

"वन्सं, तिकिटं काढलीत."

"मग बोलणंच खुंटलं."

एक गोष्ट त्यांच्यापासून लपवली नाही. मे २०२२ मध्ये याच मार्गावर विमान कोसळलं आणि आतले सगळे, २२ जण, गेले. त्यात आपल्या ठाण्याच्या एकाच कुटुंबातले चौघे होते. घरात मुलांनी तो विषय काढलाच. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "पायलट नको म्हणाला तर आपण कुरकुर करायची नाही. बास." या प्रवासाबद्दल याहून शहाणं मी कुणाकडून ऐकलेलं नाही. विमानतळावर मात्र उड्डाणाला उशीर झाला म्हणून काउंटरवरच्या मुलीशी भांडणारी मंडळी पाहिली. ढगांचं तिने काय करावं?

ही विमानं सकाळीच का जातात, ते सांगते. जोमसोमच्या उत्तरेला मुस्तांगचं उघडंबोडकं, झाड नसलेलं पठार आहे. ऊन चढलं की ते तापतं, वरची हवा उठते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेची हवा काली गंडकीच्या अरुंद खोऱ्यातून आत घुसते. खोरं अरुंद म्हणून वेग भयानक. अकराच्या पुढे जोमसोमच्या रस्त्यावर डोळे उघडे ठेवणं कठीण. शिवाय या खोऱ्यात वैमानिकाला डोळ्यांनी डोंगर बघूनच विमान न्यावं लागतं. म्हणजे एकीकडे ढग नकोत, दुसरीकडे वारा सुटायच्या आत उतरायला हवं. मधे उरतात सकाळचे चार तास, आणि सगळी गर्दी त्यातच.

आमचं विमान ट्विन ऑटर, एकोणीस आसनांचं. आसन क्रमांक नाही, जो पुढे त्याला खिडकी. वैमानिकांच्या केबिनला दार नाही, त्यामुळे समोरच्या काचेतून त्यांना दिसतं ते आपल्यालाही दिसतं. हवाईसुंदरीने ताटलीतून गोळ्या आणि कानात घालायला कापूस दिला. वन्संनी कापूस घातला आणि तिथून पुढे त्या माझ्याशी ओरडून बोलत होत्या.

जाताना उजवीकडे बसावं की डावीकडे, हा प्रश्न सगळे विचारतात. उजवीकडे माच्छापुच्छ्रे, मग अन्नपूर्णा, मग निलगिरी. डावीकडे धौलागिरी. मी वन्संना उजवीकडे बसवलं आणि स्वतः डावीकडे बसले. दोघींना मिळून सगळं दिसावं असा हिशेब.

पोखरा सोडल्यावर पहिली काही मिनिटं नुसतं हिरवं. डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, पाटीच्या दगडाची उतरती छपरं, आणि वर जंगलात लालीगुरांसचे, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांचे, लाल ठिपके. एप्रिलचा महिना होता. याच भागात लुम्ले नावाचं गाव आहे, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे नेपाळचं महाबळेश्वरच. मग घोरेपानीच्या बाजूची डोंगराची सोंड जवळ आली, इतकी जवळ की झाडं सुटी सुटी दिसली. विमान ती ओलांडून काली गंडकीच्या खोऱ्यात वळलं.

इथे मी मान वर केली. विमानात बसून मान वर करून डोंगर बघायचा, हे लिहायला सोपं आहे. धौलागिरी ८१६७ मीटर, समोर अन्नपूर्णा ८०९१ मीटर, आणि दोघांच्या मधून नदी वाहते ती अडीच हजार मीटरवर. आपण त्या फटीत. शिखराचा वरचा भाग खिडकीत मावतच नव्हता, काचेला गाल लावून बघावं लागत होतं. बर्फ पांढरं नव्हतं, सावलीत निळसर राखाडी होतं. वन्संनी पलीकडून हाक मारली, "अगं, तुझ्याकडे काय आहे?" मी म्हटलं धौलागिरी. "माझ्याकडे अन्नपूर्णा आहे," त्या म्हणाल्या, घरच्या देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आपल्या वाटणीला आली अशा थाटात.

हिमालयाहून ही नदी जुनी आहे असं भूगर्भशास्त्र सांगतं. डोंगर उचलला जात होता आणि नदी तेवढ्याच चिकाटीने तो कापत होती, म्हणून तर एवढ्या पर्वताच्या आरपार वाट राहिली. वर्गात हे मी एका वाक्यात उरकायचे. परत शिकवायची वेळ आली तर तास लावेन.

घासा, लेते ही गावं मागे पडली आणि खाली रंग बदलायला लागला. हिरवं विरळ झालं, पाइन आले, मग तेही डोंगराच्या एकाच बाजूला उरले, आणि मग करडं, पिवळट, नुसती माती. उतरती छपरं संपली, सपाट धाब्याची घरं सुरू झाली. धाब्याच्या कडेने सरपण रचलेलं. पाऊसच नाही तर उतार कशाला? जोमसोमला वर्षाला तीनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस होत नाही. पाच हजारांवरून तीनशेच्या आत, आणि तोंडातली गोळी अजून विरघळलेली नव्हती. फळ्यावरचं माझं चित्र डावीकडून उजवीकडे पूर्ण झालं होतं. मी एवढी खूश झाले की शेजारच्या चेन्नईच्या काकांना इंग्रजीत समजावून सांगायला लागले. ते विष्णुसहस्रनाम म्हणत होते. त्यांनी एक डोळा उघडून मान डोलावली आणि पुन्हा मिटला.

मुक्तिनाथ हे श्रीवैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी, म्हणजे विष्णूच्या पवित्र स्थानांपैकी, एक, त्यामुळे तमिळ मंडळी भरपूर.

जोमसोमची धावपट्टी सुमारे २,७०० मीटरवर, निलगिरीच्या पायथ्याशी. उतरल्यावर सरळ मुक्तिनाथला पळू नये, हे मी बजावून सांगेन. पोखरा जेमतेम ८२० मीटर, मुक्तिनाथ ३,७१०. आपलं कळसूबाई १,६४६. एका सकाळीत इतकं चढलं की डोकं धरणारच. आम्ही जोमसोमला राहिलो, तिथल्याच थकाली समाजाच्या एका घरातला डाळभात खाल्ला, आणि दुपारभर खिडकीतून वाऱ्याची करामत बघितली.

दुसऱ्या दिवशी जीपने आधी कागबेनी. काली गंडकीचा इथे झोंग खोला या छोट्या नदीशी संगम होतो आणि पितरांचं कार्य करायला लोक इथे येतात. वन्संनी स्वतः पिंड दिले. गुरुजींनी नाव आणि गोत्र विचारलं, बाकी काही नाही. फलटणला असतं तर कोण करणार यावर आधी बैठक झाली असती.

मुक्तिनाथला खालच्या राणीपौवा गावापर्यंत जीप जाते, पुढे चढ. वन्संना घोड्यावर बसवलं. देवळामागे अर्धगोलात गोमुखासारख्या १०८ धारा आहेत. पाणी असं की तरुण पोरं ओरडत पळतात. वन्संनी प्रत्येक धारेखाली तळहात धरला. घाई नाही, एकही चुकवली नाही, मागे रांग तुंबली तरी. मूर्ती मुक्तिनारायणाची. बौद्ध लोक तिलाच अवलोकितेश्वर मानतात, आणि रोजची निगा बौद्ध भिक्षुणी राखतात. थोडं खाली ज्वालामाईचं देऊळ, तिथे जमिनीतल्या वायूवर छोटीशी निळी ज्योत जळते आणि तिच्या शेजारूनच पाणी वाहतं. वाकून जाळीतून बघावं लागतं.

बाहेर शाळिग्राम विकायला मांडलेले. आमच्याकडे तुळशीच्या लग्नात शाळिग्राम लागतो, म्हणून वन्सं बारकाईने निवडत बसल्या. विक्रेतीने एक दुभंगलेला उचलून दाखवला, आत गोल वळ्यांचं चक्र. ते अमोनाइट, समुद्रातला प्राणी. हिमालय उठायच्या आधी इथे टेथिस समुद्र होता, त्याच्या तळाच्या गाळात तो दगड झाला. आणि पुराणात म्हणतात वज्रकीटाने पोखरून विष्णूचं चक्र कोरलं. मी सगळं सांगितलं. वन्संनी ऐकून घेतलं.

"म्हणजे शेषशायी समुद्रातच होता की," त्या म्हणाल्या. "तुझ्या पुस्तकाने वेगळं काय सांगितलं? पण फोडलेला नको. देव काय फोडून बघायचा असतो?"

न फोडलेला, लिंबाएवढा, गुळगुळीत घेतला.

परतीच्या सकाळी पोखऱ्यावर ढग होते, विमान आलंच नाही. कुणी कुरकुर केली नाही, निदान आमच्यापैकी. जीप ठरवली आणि वीस मिनिटांत वरून पाहिलेलं सगळं दिवसभर खडखडत खालून पाहिलं. मार्फ्याला सफरचंदाची झाडं फुललेली. घाशाच्या पुढे पहिलं उतरतं छप्पर दिसलं तेव्हा मी जीपवाल्याला थांबवून फोटो काढला. त्याला वाटलं बाईंना उलटी होतेय. वन्संचे गुडघे सुजले, पण तक्रार नाही. उलट संध्याकाळी तातोपानीच्या गरम कुंडात पाय सोडून बसल्या तेव्हा म्हणाल्या, "आता झाली यात्रा."

जीपवाल्याने वाटेत त्यांना दामोदर कुंडाबद्दल सांगून ठेवलंय. काली गंडकी तिथून निघते असं मानतात, मुक्तिनाथाहूनही पुष्कळ वर आहे, पण हेलिकॉप्टर जातं. काल फलटणहून फोन होता. तिकडे पाऊस किती पडतो, असं वन्संनी अगदी सहज विचारलं.