बाकीचं वर्ष मी कुठे असायचो

गेली अनेक वर्षं एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकावा लागतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात तुम्ही पुढच्या घोळक्यात दिसायचात, मग बाकीचं वर्ष कुठे असायचात? विचारणाऱ्यांपैकी काहींना खरोखर जाणून घ्यायचं असतं. काहींना मी कामचुकार होतो असं सुचवायचं असतं, तर काहींना त्याहून वाईट काही सुचवायचं असतं. आता ज्यांची मुलं माझ्याकडे शिकायला येतात ते पालक हाच प्रश्न काळजीपोटी विचारतात, कारण मुलाने दर रविवारी काहीतरी जिंकून आणावं असं त्यांना वाटतं आणि मी त्याला महिनोन्‌महिने नुसता हरायला पाठवतो. लग्नाच्या पंगतीत, स्पर्धेच्या मांडवात, फोनवर मी याची तुटक उत्तरं दिली आहेत आणि प्रत्येक वेळी ती सबबीसारखी ऐकू आली आहेत. म्हणून एकदा सलग लिहितो.

पहिली गोष्ट अशी की मी काहीही राखून ठेवत नव्हतो. लोकांची समजूत असते की अंगातली ताकद वर्षभर तेवढीच असते आणि धूर्त सायकलपटू ती जपून वापरतो. प्रत्यक्षात ती ताकद पावसाळ्यानंतर माझ्याकडे नसायचीच, आणि सर्वांत कठीण सरावाच्या महिन्यात तर ती शोधूनही सापडली नसती. सरावाने शरीरात दोन गोष्टी एकाच वेळी साठतात, कमाई आणि थकवा. एरिक बॅनिस्टर या कॅनडातल्या संशोधकाने १९७०च्या दशकात याचं गणित मांडलं. कमाई हळूहळू ओसरते, तिचं माप साधारण सहा आठवड्यांचं असतं. थकवा लवकर ओसरतो, त्याचं माप साधारण आठवड्याचं असतं. सराव जोरात चालू असतो तेव्हा थकवा कमाईला झाकून टाकतो. शर्यतीच्या सुमारे दोन आठवडे आधी अंतर निम्म्यावर आणलं आणि वेग मात्र तोच ठेवला, की थकवा निघून जातो आणि खाली साठलेलं वर येतं. याला आम्ही टेपर म्हणतो. त्यातून मिळणारा फायदा दोन-तीन टक्क्यांचा असतो. हा आकडा ऐकून लोकांची निराशा होते, पण पंचवीस मिनिटांच्या चढात तीन टक्के म्हणजे पाऊण मिनिट, आणि खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची चढताना पाऊण मिनिटात पुढचा घोळका वळणाआड कधीच दिसेनासा झालेला असतो.

तो फरक अंगात कसा जाणवतो, हेही सांगतो. एरवी घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाशी पोचेपर्यंत मांड्या भरून यायच्या, हँडल नकळत ओढलं जायचं आणि नजर पुढच्याच्या मागच्या चाकाखाली जायची. टेपर नीट जमला असेल तर त्याच वळणावर एक गियर जड टाकावासा वाटायचा, आणि तो टाकला तरी पाय गोल फिरत राहायचे. असे दिवस दर महिन्याला मिळत नाहीत. प्रत्येक टेपरमध्ये थोडी कमाईही खर्ची पडते, त्यामुळे जो दर पंधरवड्याला ताजातवाना होऊन शर्यतीला उतरतो त्याच्याजवळ वर काढण्यासारखं काही उरतच नाही. जत्रेतली शेवटची मोठी कुस्ती धरणारा पैलवान त्याआधी गावोगावच्या फडांत फिरत नाही, आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. सायकलवाल्याला मात्र विचारतात.

पूर्वी अशा वेळी मी अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडचं उदाहरण तोंडावर फेकायचो. १९८९च्या जिरो द'इतालियात, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, तो एकूण क्रमवारीत ३९वा आला होता आणि ती शर्यत लॉराँ फिन्योंने जिंकली होती. पुढच्याच महिन्यात टूर द फ्रान्सच्या अखेरच्या दिवशी, व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या टप्प्यात, लेमाँडने फिन्योंची ५० सेकंदांची आघाडी पुसून काढली आणि टूर ८ सेकंदांनी जिंकली. मे महिन्यातला लेमाँड काय राखून चालवत होता का, असं मी विचारायचो, आणि समोरचा गप्प व्हायचा. पण हे उदाहरण मी समजत होतो तितकं माझ्या बाजूचं नाही. १९८७मध्ये शिकारीच्या वेळी गोळी लागून लेमाँड मरता मरता वाचला होता आणि १९८९च्या वसंतात तो अजून त्यातून सावरतच होता. जिरोतलं त्याचं मागे पडणं आखलेलं नव्हतं, त्याला खरोखर जमत नव्हतं. त्या शर्यतीच्या अखेरच्या टाइम ट्रायलमध्ये तो दुसरा आला तेव्हा कुठे पाय परत आल्याची खूण दिसली. माझं मागे पडणं आखलेलं होतं, आणि हा फरक लहान नाही.

संशयाचंही सांगतो, कारण तो मला सर्वांत जास्त लागतो. वर्षभर मागे असणारा माणूस एका सकाळी पुढे दिसला की लोकांच्या मनात उत्तेजकाची सुई येते. याला कारण आहे. लान्स आर्मस्ट्राँगने सारा हंगाम उघडपणे जुलै महिन्याभोवती बांधला, १९९९ ते २००५ सलग सात वेळा टूर जिंकली, आणि २०१२मध्ये उत्तेजकं घेतल्याबद्दल ती सातही विजेतेपदं त्याच्याकडून काढून घेण्यात आली. एका शर्यतीसाठी तयारी करण्याची ही पद्धतच त्याने बदनाम केली, असं मला वाटतं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. मी कधी काही घेतलं नाही. हे वाक्य सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, आणि ज्याला विश्वास ठेवायचा नाही त्याच्यापुढे ते पुन्हा पुन्हा म्हणण्यात अर्थ नाही, एवढं मी शिकलो आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहावंसं वाटलं तिच्याकडे येतो. मी खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागलेला होतो आणि आमच्या विभागाच्या संघातून सांघिक टाइम ट्रायलमध्ये उतरत असे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, या प्रकारात चौघं एकत्र सुटतात, आळीपाळीने पुढे येऊन वारा कापतात, आणि संघाची वेळ धरली जाते ती तिसऱ्या माणसाच्या चाकावर. त्या हंगामात ही स्पर्धा मुंबई-पुणेच्या सुमारे एक महिना आधी आली. माझ्या सरावाच्या तक्त्यात तो सर्वांत जड आठवडा होता. घाट एकदा चढून खाली यायचं आणि पुन्हा चढायचं, असा सराव चालू होता आणि सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागे. मी व्यवस्थापकांना सांगितलं होतं की या आठवड्यात माझ्याकडून वेग निघणार नाही. ते म्हणाले, "तुमचं नाव यादीत नसेल तर वर काय सांगू? उतरा फक्त." मी उतरलो. आठ दिवस सराव हलका केला असता तर निदान बरा चाललो असतो. तो मी केला नाही, कारण तसं केलं असतं तर महिन्याने घाटात लागणारी कमाई तिथेच मोडली असती.

संघात एक लहान मुलगा होता, सांगलीकडचा, मानधनावर घेतलेला. पदक मिळालं तर त्याचं नोकरीत कायम होण्याचं काम पुढे सरकणार होतं आणि हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. सकाळी धुकं होतं, रस्ता सरळसोट होता. सुरुवातीलाच आमच्यातला एक जण पंक्चर झाला आणि मागे राहिला. तिघं उरलो, म्हणजे आता तिसरा माणूस मीच आणि संघाची वेळ माझ्याच चाकावर. वळून परत निघालो तेव्हा वारा समोरून आला. माझा टर्न संपवून मी बाजूला झालो, ओळीच्या शेवटी लागलो, आणि त्या मुलाच्या मागच्या चाकात व माझ्या पुढच्या चाकात एक हात अंतर पडलं. मग दोन हात. ते अंतर मला अजून जसंच्या तसं दिसतं. त्याच्या मागच्या टायरला चिकटलेला ओला पाला दर फेऱ्याला वर येत होता आणि मी त्याच्याकडे बघून पायडल मारत होतो. त्याने काखेखालून मागे पाहिलं. मग चेन एक गियर हलकी झाल्याचा खटका ऐकू आला. त्याने माझ्यासाठी वेग उतरवला होता. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं. तो ओरडला नाही, हातही केला नाही, दर वेळी फक्त तो खटका ऐकू आला. पदक थोडक्यात हुकलं.

संध्याकाळी तो उतरण्याच्या जागेमागे दोघांच्या सायकली पुसत होता. माझ्या चेनवर डिझेलचा बोळा फिरवत त्याने खाली मान घालून विचारलं, "दादा, पाय भरले होते, की तुम्ही जपून चालवत होतात?"

मी म्हणालो, "पाय भरले होते रे. होतं नव्हतं ते सगळं लावलं."

हे खरं होतं. त्या रस्त्यावर मी एक कणही राखला नव्हता आणि शेवटी मला धरून सायकलवरून उतरवावं लागलं होतं. पण त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पाय भरलेले होते कारण मी ते ठरवून भरले होते, आठवडे आधी, घरी बसून, कॅलेंडरवर. शर्यतीच्या दिवशी राखून ठेवायला माझ्याकडे काही असू नये, हा निर्णय मी त्याच्या पदकाचा विचार न करता घेतला होता. लोक मला विचारतात तेव्हा मी "राखून ठेवत नव्हतो" असं ठामपणे म्हणतो, आणि दर वेळी मनात तो मुलगा येतो, कारण त्याला या शब्दांची दुसरी बाजू समजली होती.

त्या हंगामात घाटात मी आयुष्यातला सर्वांत चांगला चाललो. शिंग्रोबाच्या वर गियर जड टाकला आणि पाय फिरत राहिले. ज्याची जाहिरात मी इतकी वर्षं करत आलो ती पद्धत त्या दिवशी शब्दशः खरी ठरली. त्या मुलाचं काम त्या वर्षी झालं नाही, आणि पुढच्या हंगामानंतर तो सायकल सोडून गावी गेला. पदक मिळालं असतं तरी काम झालंच असतं असं नाही, व्यवस्थापकांनी माझ्याऐवजी ताज्या माणसाला उतरवायला हवं होतं, आणि पंक्चर माझ्यामुळे झालं नव्हतं. ही तिन्ही वाक्यं खरी आहेत आणि मी ती अनेकदा वापरली आहेत.

पंचविशीतल्या मला विचारलंत तर तो म्हणाला असता की ताकदीची दोन शिखरं एका हंगामात धरताच येत नाहीत, शरीराचं गणितच तसं आहे. आता मला इतकी खात्री नाही. बेल्जियमच्या एडी मर्क्सने एकाच वर्षी जिरो आणि टूर जिंकण्याचा पराक्रम तीनदा केला, १९७०, १९७२ आणि १९७४मध्ये, आणि त्याशिवाय वसंतातल्या एकदिवसीय शर्यतीही तो सोडत नसे. २०२४मध्ये स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने जिरो, टूर आणि जागतिक विजेतेपद एकाच वर्षात मिळवलं. ही माणसं वेगळी आहेत, असं त्या पंचविशीतल्याचं उत्तर तयार असेल. असतीलही. पण "कोणालाच जमत नाही" आणि "मला जमत नव्हतं" यांत फरक आहे, आणि पहिलं वाक्य मी दुसऱ्याच्या जागी वापरत होतो. दुसऱ्या बाजूने हेही खरं की मर्क्सकडे त्याच्यासाठी वारा कापणारा, पगारी, पूर्ण संघ होता. आमच्याकडे एक शर्यत अशी होती जिच्या बातम्या येत, जिच्या निकालाची साहेबांना आठवण राहत असे आणि जिच्या जोरावर पुढच्या वर्षी सरावासाठी रजा मिळे. मी ती शर्यत निवडली तेव्हा मला बोरघाटाचं वेड होतं हे जितकं खरं, तितकंच हे रजेचं गणितही खरं.

इथे एक तक्रारही करून टाकतो. या पद्धतीला सर्वांत आधी तारीख लागते. टूर पुढच्या जुलैत कधी सुटणार हे युरोपातल्या सायकलपटूला खूप आधीपासून माहीत असतं, म्हणून तो उलट मोजत येऊ शकतो. आपल्याकडे कितीतरी स्पर्धांची तारीख महिनाभर आधीही पक्की नसते, आणि पक्की झालेली तारीख बंदोबस्त मिळाला नाही म्हणून सरकते. शर्यत पुढे गेली म्हणून शरीर थांबत नाही. ज्यांनी टेपर करून ठेवला असेल त्यांची कमाई तिथेच विरते, आणि मग लोक त्यांनाच विचारतात की या वेळी काय झालं.

सध्या माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीपुढे हाच पेच आहे. तिच्या विद्यापीठाची सांघिक स्पर्धा आणि तिला मनापासून हवी असलेली घाटाची शर्यत यांत तीन आठवड्यांचं अंतर आहे. तिच्या वडिलांना दोन्ही पदकं हवी आहेत. मी तक्ता एकाच शर्यतीसाठी आखला आहे, घाटासाठी. तिने विचारलं की संघाला हे कधी सांगायचं. मी म्हणालो, आजच सांग, आणि लेखी सांग, म्हणजे त्यांना तुझ्या जागी दुसरं कोणी बघता येईल. त्यांनी कायमचंच वगळलं तर, असं तिने विचारलं. तसं होऊ शकतं, असं मी तिला सांगितलं. तक्ता मी बदललेला नाही.