चेंबर नसलेली गाडी

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर लोक काय काय विचारतात ते आता सगळ्यांना पाठ झालंय, एका चार्जमध्ये किती जाते, चार्जिंगला किती वेळ लागतो, बॅटरी गेली तर किती लाखाला पडते वगैरे. नाशिकमध्ये एक प्रश्न जास्तीचा येतो आणि तो विचारताना माणूस गाडीकडे बघत नाही, जरासा वाकून गाडीच्या खाली बघतो आणि म्हणतो, "आपल्याकडच्या रस्त्यांवर चालेल का पण ही?"

आता आपल्याकडचे रस्ते म्हणजे नक्की कुठले हे ज्याचं त्याने ठरवावं. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय त्यामुळे शहरात जिकडे बघाल तिकडे खोदकाम, काल ज्या रस्त्याने गेलो तो आज जागेवर असेलच असं नाही, म्हणजे कच्च्या रस्त्याची हौस दूध आणायला जातानाही भागते. पण मी म्हणतेय ते हे नाहीत. मी म्हणतेय ते गिरणाऱ्याच्या पुढे हरसूलकडे जाताना डांबर सोडून आत वळलं की लागतात ते, किंवा दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांच्या मधून जाणारे शिवाररस्ते. दोन चाकोऱ्या, मधे गवत वाढलेला उंचवटा, एका अंगाला बागेच्या तारा, दुसऱ्या अंगाला चारी आणि समोरून येणारा ट्रॅक्टर, जो मागे जाणार नसतो. माझे मामा मोहाडीच्या पुढे आत मळ्यात राहतात, तिथला शेवटचा तुकडा मी लहान असल्यापासून "आता होणारच आहे".

सगळ्यांचा समज असा की ही गाडी म्हणजे नाजूक काम, गुळगुळीत रस्ता हवा, एसी हवा, मॉलच्या पार्किंगमधला चार्जर हवा. माझं मत चालवून चालवून बरोबर उलटं झालंय. ही गाडी दमते ती हायवेला. कच्च्यावर ती एकदम निवांत असते.

कारण साधं आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी शंभरला गाडीला जितकी हवा ढकलावी लागते त्याच्या सोळावा हिस्सा पंचविसाला. समृद्धीवर एकशेवीसची परवानगी आहे म्हणून खरंच एकशेवीसने हाणली तर टक्के डोळ्यांदेखत उतरतात आणि मग माणूस इगतपुरी यायच्या आत ट्रकच्या मागे ऐंशीने जायला लागतो, शहाण्यासारखा. मळ्याच्या रस्त्यावर विसाच्या वर जायची सोयच नाही, त्यामुळे स्क्रीनवर किलोमीटरला लागणारी वीज हायवेपेक्षा कमीच दिसते. माती भुसभुशीत असली की चाकं ओढायला जास्त जोर लागतो हे खरं, आणि एसीचा हिशोब किलोमीटरवर नाही तर मिनिटांवर असतो हेही खरं, दोन किलोमीटरला पंधरा मिनिटं लागली तर एसी पंधरा मिनिटांची वीज खाणार. मी काचा खाली करते. मग फुफाटा आत येतो, तो भाग वेगळा.

घाटात तर गंमतच. पेठला जाताना सावळघाट उतरतो तेव्हा पेट्रोलवाला ब्रेक तापवत असतो आणि इकडे मोटार उलटी वीज करत असते. गाडी आणि आतली माणसं धरून दीड टन वजन तीनशे मीटर खाली आलं तर त्या उतारात साधारण सव्वा युनिट वीज असते, आपल्या लाइटबिलातलं युनिट तेच. सगळी काही परत मिळत नाही, पण बरीच मिळते. फक्त घरून शंभर टक्के भरून निघालं आणि लगेच घाट लागला तर बॅटरीत जागाच नसते, मग गाडी म्हणते की वीज ठेवू कुठे, आणि साध्या ब्रेकवर यावं लागतं. सुट्ट्या खडीवर मात्र ही वीज करणारी ओढ कमी ठेवलेली बरी, कारण ती सगळी पुढच्या चाकांवर येते आणि मुरमावर चाक घसरायला तेवढं निमित्त पुरतं.

चढाचं सांगते. आधीच्या गाडीत मळ्याकडच्या चढाला अर्धा क्लच, अर्धा ॲक्सिलरेटर आणि वर पोचेपर्यंत क्लच प्लेट जळाल्याचा तो वास, मामी लांबून ओळखायच्या की पाहुणे आले. हिला क्लचच नाही. मोटारीचा सगळा जोर शून्यापासून हातात असतो, पायाने नुसतं हळू दाबलं की दगडावर चाक चढतं, थांबतं, परत चढतं, चालत्या माणसाच्या वेगाने कितीही वेळ. पण तोच जोर घाईत दाबला तर चाक जागेवर गरगर फिरतं आणि खडी मागच्याच्या काचेवर. पावसाळ्यात काळ्या मातीत तर विचारूच नका, टायरच्या नक्षीत माती एकदा बसली की टायर उरतच नाही, नुसता चिखलाचा गोळा, तिथे वीज असो नाहीतर डिझेल, ट्रॅक्टरच लागतो.

आणि मग तो खालचा प्रश्न. आपल्याकडे गाडीवाल्याची जुनी भीती एकच, चेंबर, म्हणजे इंजिनाच्या खालचं ऑइलचं भांडं, फुटणं. धाडकन आवाज, मग सगळे खाली उतरून वाकलेले, रस्त्यावर ऑइलची काळी रेघ. टाकीला भोक पडलं तर अंगाच्या साबणाची वडी रगडून गॅरेजपर्यंत गाडी आणलेले लोक आमच्या नात्यात आहेत आणि ते अजून सांगतात. इलेक्ट्रिकला चेंबर नाही, सायलेन्सर नाही, खाली लोंबणारं असं फारसं काहीच नाही, सपाट पोट. पण त्या सपाट पोटात बॅटरी आहे, म्हणजे गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा हिस्सा, आणि तिला साबण लावून भागत नाही. खालून जाड संरक्षण असतं, बारीकसारीक खडी लागून काही होत नाही, पण टोकदार दगडावर गाडी आपटली तर फक्त ओरखडा आलाय की आत काही दबलंय हे वरून कळत नाही, लिफ्टवर घेऊनच बघावं लागतं.

म्हणून चाकोरीत चाकं घालायची नाहीत हा पहिला नियम. चाकोरी जुन्या ट्रॅक्टरांनी खोल केलेली असते आणि मधला उंचवटा बरोबर बॅटरीच्या उंचीला येतो. एक चाक त्या उंचवट्यावर ठेवायचं आणि दुसरं चाकोरीच्या बाहेरच्या काठावर, गाडी तिरकी होते, शेजारी बसलेला दाराची कडी धरतो, पण खालून वारा जाईल एवढी जागा राहते. कागदावर आमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १९० मिलिमीटर आहे. मागे तीन माणसं आणि डिकीत द्राक्षांचे क्रेट असले की तो कागद घरी ठेवायचा आणि अवघड जागी माणसांना खाली उतरवायचं. आमचे यजमान उतरून पुढे चालत "ये, ये, ये... थांब!" करतात, यात त्यांना मनापासून आनंद मिळतो असं माझं निरीक्षण आहे.

पाण्याचंही एक सांगायला हवं कारण तिथे लोक उगाच शूर होतात. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी पाणी शिरत नाही. ही परीक्षा साचलेल्या स्वच्छ पाण्यातली. फरशी पुलावरून ओढा वाहतोय, इंजिनात पाणी जायचं भय नाही म्हणून घाला गाडी, असं म्हणणारे मला भेटलेत. अहो, गाडी वाहून जायला इंजिन बंद पडावंच लागतं असं थोडीच आहे. वाहतं पाणी चाकाच्या निम्म्याला लागलं की मी गुपचूप मागे वळते.

सगळ्यात जास्त बदल झालाय तो आवाजात. इंजिनाच्या घरघरीखाली रस्ता काय बोलतो ते कधी ऐकूच आलं नव्हतं. आता मुरमावर टायर गेला की करकर, वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे फुटतात ते वेगळं, एखादा गोटा उडून खालच्या पत्र्याला लागला तर टण्ण असा आवाज थेट पोटात जातो, आपल्याच. कप्प्यातली सुट्टी नाणी, मागच्या सीटवरची पाण्याची बाटली, चष्म्याची डबी, डॅशबोर्डच्या आत कुठेतरी चिरचिर करणारं काहीतरी जे सर्व्हिस सेंटरवाल्यांसमोर कधीच वाजत नाही, सगळ्यांची ओळख होते. बागेत फवारणीचा ब्लोअर चालू असला तर तोच आपल्या गाडीपेक्षा मोठा.

आपल्याला ऐकू येतं, पण आपण कुणाला ऐकू जात नाही ही दुसरी बाजू. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चाललेल्या एका आजींच्या मागे मी बराच वेळ तशीच रांगत होते, हॉर्न दिला तर दचकतील आणि नाही दिला तर आयुष्यभर मागेच राहीन. शेवटी खिडकीतून डोकं बाहेर काढून "आजी, जरा बाजूला व्हा ना" म्हटलं. त्या वळल्या, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बंद पडली व्हय? ढकलू का?" शेळ्यांचं तर विचारू नका, त्या डिझेललाही हलत नाहीत.

आता बाभळीच्या काट्याबद्दल. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना स्टेपनी नसते, आमच्याही नाही, एक पंप आणि एक किट दिलेलं असतं. फाट्यावरचा पंक्चरवाला मुलगा कामाला चांगला, पण त्याने ट्रॉली जॅक सवयीने सरळ गाडीच्या मधोमध सरकवला आणि मी एवढ्या जोरात "थांबा!" म्हटलं की शेजारच्या टपरीवरचा चहावालाही थांबला. जॅक लावायचा तो कडेच्या पट्टीवरच्या खुणेलाच, मधे सगळी बॅटरी. त्याने आडवं होऊन खाली बघितलं, बोटाने खूण चाचपली, मग म्हणाला, "ताई, इंजिन नाही, सायलेन्सर नाही, मग ह्याच्यात बिघडतं तरी काय?" आणि थोड्या नाराजीने टायर खोलायला लागला. त्याच्या धंद्याचं पुढचं चित्र त्याला दिसलं असावं. पंक्चरचं मात्र राहणारच रे बाबा, बाभळी कुठे जात नाहीत.

या सगळ्यात मला चंद्रावरची गाडी फार आठवते. माणसाने चंद्रावर चालवलेली गाडी इलेक्ट्रिकच होती, जुलै १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर पहिली गेली, चारी चाकांना एकेक मोटार, चाकं तारेच्या जाळीची, आणि बॅटरी परत चार्ज न होणारी, संपली की संपली. त्याहून कच्चा रस्ता कुठला असणार? डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ वाल्यांचा हातोडा अडकून मागचा मडगार्ड तुटला आणि चंद्राची धूळ अंगावर उडायला लागली, तर त्यांनी चार नकाशे टेपने जोडून मडगार्ड बनवला आणि पुढचं सगळं काम त्यावर केलं. आपल्या फाट्यावर शोभेल असं काम. पण मला आवडतो तो त्यांचा नियम, बॅटरी कितीही असू दे, गाडी बंद पडली तर उरलेल्या ऑक्सिजनमध्ये चालत यानापर्यंत परत येता येईल एवढंच लांब जायचं. टक्के बघायचेच नाहीत, पाय बघायचे. मीही आडरस्त्याला हाच हिशोब धरते, इथून डांबरावरचा फाटा किती लांब, तिथे काळी-पिवळी मिळेल का, आणि पायात चप्पल कुठली आहे. रेंजची चिंता तेव्हापासून बरीच कमी झाली, चपलेची वाढली.

मामांकडे पोचल्यावर चार्जिंगचं वेगळंच नाटक. त्यांच्याकडे पंधरा अँपियरचा प्लग आहे, ओसरीवर, त्यात लावलं तर चार्जरवर लाल दिवा. व्होल्टेज बरोबर, वायर बरोबर, पण अर्थिंगच नाही. या चार्जरना अर्थिंग नसलं की ते एक युनिटही घेत नाहीत आणि आपल्याकडे जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. मामा म्हणाले, "एवढंच ना?" आणि गड्याला हाक मारून आंब्याच्या बुडाशी खड्डा खणायला लावला, पत्रा, मीठ, कोळसा, वरून दोन बादल्या पाणी. दिवा हिरवा झाला. रात्रभरात तीन किलोवॉटने निवांत भरते, घाई कुणाला आहे.

मामांना आधी या गाडीत काडीचा रस नव्हता. "मोबाइल आहे तुझा तो," म्हणायचे. मग त्यांना कुठूनतरी कळलं की हिच्यातून वीज बाहेरही काढता येते. लगेच विचारलं, "विहिरीवरची मोटार चालंल का?" म्हटलं, मामा, तुमची पाच एचपीची थ्री फेज, हिची ताकद साधारण तीन किलोवॉट आणि तीही सिंगल फेज, नाही चालणार. मामांचा चेहरा पडला. मामी मात्र इतका वेळ गप्प ऐकत होत्या, त्यांनी विचारलं, "घरघंटी किती एचपीची असती?"

एक. मागच्या वेळी गेले तर लाइट सकाळपासून नव्हते, मामींनी चहासुद्धा न विचारता वायर बाहेर आणली होती, गाडी ओसरीला टेकवून उभी केली आणि आधी आमची बाजरी, मग शेजारच्या वस्तीवरच्या दोघीजणींचे गहू. मी बाजूला उभी राहून टक्के बघत होते, फार काही उतरले नाहीत. मामा तेवढ्या वेळात गाडीला एक चक्कर मारून आले, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला येताना फोन कर, तांदूळ पण काढून ठेवायला सांगतो."