आमच्या बाई आणि एक मार्काचा प्रश्न

कमिटीचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघतेय, माजी विद्यार्थ्यांनी पानभर मनोगत पाठवा, आणि मी लगेच हो म्हणून मोकळा झालो. लिहायला बसलो तर शाळेबद्दल वेगळं काही सुचेचना, सगळीकडून बाईच आठवायला लागल्या. बाई म्हणजे मराठीच्या बाई, नाव लिहायची गरज नाही, आपल्याकडे बाकीच्या सगळ्या मॅडम होत्या आणि बाई एकच. पीटीचे सर आणि गणिताचे सर हे वाचत असतील तर माफ करा, तुमच्यावर दुसरं कोणीतरी लिहीलच.

मंगळवेढं म्हणजे संतांची भूमी, हे आपल्या गॅदरिंगला आलेला प्रत्येक पाहुणा सांगायचा. दामाजीपंत, कान्होपात्रा, चोखोबा, टाळ्या, की लगेच पुढचा सत्कार. बाईंना ते अजिबात आवडायचं नाही. त्यांची पद्धतच निराळी, कुठलाही अभंग शिकवायला घेतला की आधी विचारणार, हा माणूस सकाळी उठून कुठल्या कामाला जायचा? मग आम्ही ओरडायचो, गोरोबा तेरला मडकी करायचा, सेना न्हावी, नरहरी सोनार, नामदेव शिंपी, जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण. सावतोबाचं ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी’ शिकवताना त्यांनी अख्खा तास अरणच्या मळ्याला पाणी कुठून येत असेल यावर घालवला होता. सावतोबा मळा सोडून वारीला गेलाच नाही म्हणतात, देव त्याच्याकडे आला, आणि बाई म्हणायच्या, बरोबरच आहे, भाजीला रोज पाणी कोण देणार? दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली ही गोष्ट आम्हाला बालवाडीपासून पाठ. बाई विचारायच्या, कोठार बादशहाचं, पण आतली ज्वारी कुणी पिकवली रे? समोर बसलेली निम्मी पोरं काळ्या रानातल्या ज्वारीवाल्यांचीच होती.

आता मुख्य किस्सा. आम्ही आठवीत होतो, घटक चाचणीत रिकाम्या जागा भरा मध्ये एक प्रश्न होता, संत चोखामेळा यांचा मृत्यू कशाने झाला. आमच्या गाईडमध्ये होतं की त्यांनी समाधी घेतली. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं आणि बाईंनी सगळ्या वर्गाला लाल फुली मारली. एका पोराचे वडील थेट हेडसरांकडे गेले, हेडसर म्हणाले अहो बाई एका मार्काचा तर प्रश्न आहे, देऊन टाका. बाई म्हणाल्या, सर, ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली, चोखोबाने कधी घेतली? तो कामावर असताना भिंत अंगावर पडून मेला, मी खोट्याला मार्क कसा देऊ?

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला वर्गात बसवलंच नाही. प्रयोगशाळेच्या नव्या खोलीचं बांधकाम चालू होतं तिथे नेऊन खडीच्या ढिगाशेजारी बसवलं, गवंड्यांनी घाईघाईने बिड्या विझवल्या. बाईंनी तिथे उभं राहून सांगितलं की आपल्याच मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू होतं, ज्यांना गावात राहायची मुभा नाही त्यांनाच गावाची भिंत बांधायला धरून आणलेलं, त्यात चोखोबा होता, आणि १३३८ साली ती भिंत कोसळली, कितीतरी मजूर गाडले गेले. मग नामदेव आले. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबाची म्हणून त्यांनी गोळा केली, पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली अशी कथा आहे. सगळे गप्प ऐकत होते. तेवढ्यात विटा देणारा एक म्हातारा गडी मध्येच म्हणाला,

“आन मग बाकीच्यांची हाडं वो बाई?”

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाल्या, मामा, त्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही. तो गडी बरं म्हणाला आणि परत विटा द्यायला लागला, आणि बाईंनी आम्हाला वर्गात नेऊन मराठीच्या तासाला वजाबाकी करायला लावली, १९४७ वजा १३३८. कारण साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण केलं तेव्हा कुठे चोखोबाच्या लोकांना विठोबाचं देऊळ उघडं झालं. ६०९ वर्षं! तोवर चोखोबा पायरीसमोर बाहेरच. मग फळ्यावर त्याच्या मुलाचा, कर्ममेळ्याचा अभंग लिहिला, ‘आमुची केली हीन याती, तुज का न कळे श्रीपती’. हा पुस्तकात नव्हता. एकाने विचारलं बाई हा परीक्षेला आहे का, तर म्हणाल्या नाही, म्हणून तर नीट उतरवून घे. मला तोवर संत म्हणजे हात जोडलेले, डोळे मिटलेले, कॅलेंडरवरचे. देवाला असं तोंडावर विचारता येतं आणि तरी माणूस संतच राहतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता माझं सांगायचं तर मी पुण्यात एका बांधकाम कंपनीत सेफ्टी बघतो. गेल्या वर्षी कंपनीने बेस्ट सेफ्टी ऑफिसरचा अवॉर्ड दिला, फोटो आपल्या ग्रुपवर टाकला होता, बऱ्याच जणांनी नुसता अंगठा दाखवला तो भाग वेगळा. साईटवर माझं पहिलं भांडण मस्टरवरून असतं. नाक्यावरून एका दिवसासाठी आणलेला असला तरी त्याचं पूर्ण नाव, गाव, घरच्यांचा नंबर लिहिल्याशिवाय मी त्याला खड्ड्यात उतरू देत नाही, ठेकेदार वैतागतात, म्हणतात साहेब संध्याकाळी तो जाणारच आहे. मी त्यांना चोखोबा वगैरे सांगत बसत नाही.

मागच्या आषाढीला गावाकडे होतो, शाळेची दिंडी बघायला मुद्दाम थांबलो. ड्रोन होता, भाड्याचे ड्रेस होते, ज्ञानोबा तुकोबा किती होते मोजता येईनात, विठ्ठल-रखुमाईच्या तर जोड्याच जोड्या. चोखोबा एक दिसला, शेवटी होता आणि त्याच्या आईला त्याचा फोटो घ्यायला जागा मिळत नव्हती. त्याची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा कोणीच नाही. बाईंच्या वेळी दिंडीत प्रत्येक पोराला आपल्या संताचं हत्यार हातात घ्यावं लागायचं, खुरपं, सुई, वस्तरा (बिनपात्याचा), आणि विचारलं तर ते काम कसं करतात ते सांगावं लागायचं. आता चिपळ्या सगळ्यांच्याच हातात. नव्या शिक्षकांना दोष देत नाही, त्यांना ऑनलाईन माहिती भरण्यातच दिवस जातो म्हणे.

बाई आता सोलापूरला लेकीकडे असतात. स्मरणिकेचं सांगायला फोन केला तर आधी विचारलं, सध्या काय वाचतोयस, मी विषय बदलला. कार्यक्रमाला या म्हटलं तर म्हणाल्या, शाल-श्रीफळ असेल तर येत नाही. तेव्हा कमिटीला विनंती, गाडी मी पाठवतो, तो खर्च माझा. शाल नको, पोरांकडून कर्ममेळ्याचा तो अभंग म्हणवून घ्या, चाल बाईच बसवून देतील, आणि त्याला लागणारी पंधरा मिनिटं प्रमुख पाहुण्यांच्या भाषणातून कापा.