यादीतला ॲम्प्टहिल

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी गेली सतरा वर्षं आधुनिक भारत शिकवतो. त्या दिवशी व्याख्यान न देता फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : सन १९०३. व्हाइसरॉय कर्झनची पाच वर्षं जानेवारीत संपतात. मुदतवाढ द्यायची का?

वर्गाचं लंडनचं मंत्रिमंडळ केलं. एक मुलगा पंतप्रधान बाल्फोर, एक मुलगी भारतमंत्री हॅमिल्टन. अट अशी की १९०३ नंतरचं कुणी काही बोलायचं नाही. बंगालची फाळणी वापरता येणार नाही म्हटल्यावर बरेच चेहरे उतरले.

पण मग मुलं कामाला लागली. १९०१ मध्ये वायव्य सरहद्द प्रांत वेगळा केला, पुरातत्त्व खातं जागं करून मार्शलला आणलं, मिठावरचा कर कमी केला. विरोधकांनी १८९९-१९०० चा दुष्काळ आणि त्यानंतर दिल्ली दरबारावर उधळलेला पैसा काढला. तरी हात मोजले तेव्हा बहुमत 'द्यावी' असंच निघालं. मला ते बोचलं, पण खोटं वाटलं नाही. लंडनच्या टेबलावरून तो माणूस कर्तबगारच दिसत होता.

तास संपायला दहा मिनिटं असताना तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी हजेरीपुरतंच बोलणारी. पुस्तकातली व्हाइसरॉयांची यादी उघडून म्हणाली, "सर, कर्झनच्या मध्येच हे लॉर्ड ॲम्प्टहिल कसे आले? १९०४?"

मी सांगितलं. पदावर असताना गव्हर्नर जनरलला, म्हणजे व्हाइसरॉयला, रजेवर मायदेशी जाता येत नसे. तशी सोय करणारा कायदा झाला १९२४ मध्ये. म्हणून एप्रिल १९०४ अखेर कर्झनने पद सोडलं, मद्रासचे गव्हर्नर ॲम्प्टहिल हंगामी व्हाइसरॉय झाले, आणि डिसेंबरात कर्झन नव्याने नेमणूक घेऊन परतला.

"म्हणजे त्यांनी दोनदा ठरवलं," ती म्हणाली. "खुर्ची सात महिने रिकामी होती. तेव्हा नको म्हणायला मुदतवाढ रद्द करावी लागत नव्हती. नुसतं नेमायचं नव्हतं."

मी खडू खाली ठेवला. सतरा वर्षं मी '१८९९ ते १९०५' ही एक सलग रेघ शिकवत होतो. ती सलग नव्हतीच. आणि त्या सात महिन्यांत लंडनला कळण्यासारखं कितीतरी होतं : तिबेटवरून उडालेले खटके, सरसेनापती किचनरशी सुरू झालेली लष्करी कारभाराची ओढाताण. सप्टेंबरात कर्झनची पत्नी मरणाच्या दारातून परतली होती. थांबायला त्याच्याकडेही कारण होतं.

अट मोडली होती, म्हणून मागून एकजण तावातावाने उठला. "पण फाळणीचा प्रस्ताव मांडणारं गृहसचिव रिस्लेचं पत्र डिसेंबर १९०३ चं आहे! ॲम्प्टहिलच्या काळातही फाईल पुढे सरकतच होती. माणूस बदलून काय झालं असतं?"

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. ती मुलगी म्हणत होती, दुसऱ्या कुणी फाळणी त्या हट्टाने आणि त्या घाईने रेटली नसती. तो म्हणत होता, सरकार तेच, मग फाळणीही झालीच असती. मला वाटतं, १९०५ च्या बनारस काँग्रेसमध्ये गोखल्यांनी या कारभाराची तुलना थेट औरंगजेबाच्या कारभाराशी केली, ती पाहता मुलीच्या म्हणण्यात वजन आहे. पण मुलाचं पत्राचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

दुसऱ्यांदा हात मोजायला वेळ उरला नाही. संध्याकाळी घरी टिपणवही काढली आणि कर्झनच्या नावापुढची ती एक ओळ खोडून तिथे तीन ओळी लिहिल्या.