लेथ घरी आलं

आज अखेर लेथ मशीन, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून त्याला कापून आकार देणारं यंत्र, जागेवर बसलं. ७०० किलोंचं धूड, आणि दरवाजातून जाताना दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं मोकळी.

सकाळी आधी चक (तुकडा पकडणारा जबडा), टेलस्टॉक (तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) आणि मोटर उतरवली. वजन कमी होतंच, पण खरा प्रश्न तोलाचा. लेथचा सगळा भार हेडस्टॉककडे, म्हणजे चक फिरवणाऱ्या टोकाकडे असतो, म्हणून कॅरेज, म्हणजे कापायचं हत्यार धरून सरकणारा भाग, पार दुसऱ्या टोकाला नेलं, तेव्हा कुठे चेन पुलीवर मशीन सरळ लटकलं. मशीन उचलणारा पट्टा लीडस्क्रूला, म्हणजे कॅरेज सरकवणाऱ्या लांब आटेदार दांड्याला, टेकत नाही ना, हे मी तीनदा वाकून पाहिलं. तो दांडा वाकला की आटे कापायचं विसरा.

मग उंबऱ्यापासून आत पाइपांवर. पहारीने एक टोक बोटभर उचलायचं, खाली लाकडी ठोकळा सारायचा, पाइप घालायचा, मग दुसरं टोक. मागचा पाइप सुटला की उचलून पुढे. १२ फुटांना तीन तास लागले. मध्येच एक ठोकळा कर्रकन चिरला आणि मशीन किंचित कललं. माझा हात आपसूक ते सावरायला पुढे गेला. "हात काढ! पडलं तर पडू दे!" दादा ओरडला. तो ओरडला म्हणून माझी बोटं शाबूत आहेत. तोंडावर सांगायला जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आता पायांखाली पातळ पत्रे सारून लेव्हल करणं बाकी आहे. बेडला, म्हणजे मशीनच्या लांब पायाला, जराही पीळ राहिला तर काम निमुळतं निघतं. ते उद्या. आत्ता दिवा लावून नुसता त्याच्याकडे बघत बसलोय.