चार आण्यांचे अंक

न्यू जर्सीत मे महिना लागला की गल्लीच्या तोंडाशी खांबांवर पुठ्ठ्याच्या पाट्या लटकू लागतात. यार्ड सेल, शनिवार, सकाळी आठ, आणि खाली बाण. यार्ड सेल म्हणजे घरातल्या नको असलेल्या वस्तूंची आपल्याच अंगणात मांडलेली विक्री. गेली बावीस वर्षं असल्या पाट्या दिसल्या की मी गाडी वळवत आले. यंदा पाटी आमची होती.

मोठं घर सोडून लहान घरात जायचं ठरलंय. भांडी, टेबललॅम्प, लेकीची जुनी सायकल, सगळ्यांवर तासाभरात किमती चिकटवून झाल्या. घोडं अडलं ते मासिकांपाशी. तळघरात चार खोकी भरून विणकाम, क्रोशा, शिवण, भरतकामाचे अंक. मोजले तर १४३ निघाले.

पुण्यात असते तर प्रश्नच नव्हता. रद्दीवाला येतो, तागडी धरतो, किलोचा भाव सांगतो, आपण तो काटा मारतोय असा संशय घेतो आणि व्यवहार संपतो. यातला कोणता अंक जास्त मोलाचा, हे तो कधी विचारत नाही. ही केवढी मोठी सोय होती, ते मला हातात चिठ्ठ्या आणि मार्कर घेऊन तळघरात बसल्यावर कळलं.

"सरसकट चार आणे लाव," नवरा जिन्यावरून म्हणाला. पाव डॉलरला आम्ही घरात चार आणेच म्हणतो. आपल्याकडचे चार आणे २०११ साली चलनातून गेले, इथले अजून चालतात. १४३ गुणिले चार आणे म्हणजे पस्तीस डॉलर पंचाहत्तर सेंट. यातले बरेच अंक मी सहा-सात डॉलरला एकेक असे घेतले होते, तेव्हा पुढचा गुणाकार मी मुद्दाम केला नाही. लेक म्हणाली, "ऑनलाइन विक ना." पण पुस्तकांसाठी इथल्या पोस्टाचा जो स्वस्त दर आहे तो मासिकांना मिळत नाही, कारण त्यांत जाहिराती असतात. चार आण्यांच्या अंकाला चार डॉलरचा टपालखर्च कोण देणार?

मग वर्गवारी करायला बसले. 'बुर्डा'चा गठ्ठा सगळ्यात जड. हे शिवणाचं जर्मन मासिक, ऑफेनबुर्ग गावच्या एने बुर्डा बाईंनी १९५० साली सुरू केलेलं. त्याचा जीव आतल्या घडी घातलेल्या कागदात असतो. एकाच कागदावर दहा कपड्यांचे साचे, लाल, निळ्या, काळ्या रेषा एकमेकींवरून धावत असतात, आणि त्यातून आपल्या मापाची रेघ हुडकून ती दुसऱ्या कागदावर गिरवायची. गिरवायचा कंटाळा आला की मी सरळ कात्री लावत असे. कागद नसलेला 'बुर्डा' म्हणजे परक्या बायकांचे फोटो. त्याचे चार आणेसुद्धा जास्तच.

'वर्कबास्केट'चे अंक मात्र हातावेगळे होईनात. कॅन्सस सिटीहून १९३५ सालापासून निघणारं हे चिमुकलं मासिक १९९६ ला बंद पडलं. माझ्याकडचे सगळे अंक दुसऱ्यांच्या अंगणातून उचललेले. एकावर तर आधीच्या विक्रीची दहा सेंटची चिठ्ठी तशीच होती. म्हणजे मी तो अडीचपट किमतीला विकणार होते!

होता होता माझ्या लक्षात आलं की मी कोऱ्याकरकरीत अंकांवर एक डॉलर लिहितेय आणि चहाचे डाग पडलेल्या, पानं मुडपलेल्या अंकांवर चार आणे. बाजाराच्या हिशेबाने बरोबरच होतं. पण डॉलरवाले ते अंक होते ज्यांतलं मी काहीही केलं नाही. क्विल्टचे, म्हणजे इकडच्या गोधड्यांचे, तर सगळेच डॉलरवाले निघाले.

चार आण्यांच्या ढिगात एक टोप्यांचा अंक होता. इथे आल्यानंतरच्या पहिल्या थंडीत आईचं पत्र आलं होतं, बाबांना कानटोपी विण, १० नंबरच्या सुया घे, ९६ टाके घाल. मी दुकानात जाऊन इमानदारीत १० नंबरच्या सुया आणल्या. आईचा नंबर जुन्या इंग्रजी मापाचा, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत आकडा वाढला की सुई जाड होते. आईची दहा सव्वातीन मिलिमीटरची, माझी दहा सहा मिलिमीटरची. टोपी पूर्ण झाली तेव्हा ती बाबांपेक्षा माठाला बरी बसली असती. नंतर त्या अंकातला तक्ता बघून पुन्हा विणली आणि समासात लाल पेनने लिहून ठेवलं: 'आईची १० म्हणजे इथली ३!!'

शनिवारी पाटीवर आठ लिहिलं होतं, पहिली गाडी सात वीसला आली. सायकल गेली, लॅम्प गेला. मासिकांच्या टेबलाशी दहाच्या सुमाराला एक आजीबाई थांबल्या. डॉलरचा गठ्ठा त्यांनी बाजूला सारला आणि डागवाल्या ढिगात हात घातला. बोटं बघूनच कळलं, बाई विणणाऱ्या आहेत. टोप्यांचा अंक उघडून त्यांनी लाल अक्षरांवर बोट ठेवलं. हे काय लिहिलंय?

मी सगळं सांगितलं, माठाचं सोडून. माठ इंग्रजीत समजावणं जमलं नसतं. त्या मान डोलवत ऐकत होत्या. सांगता सांगता मी अंक त्यांच्या हातून कधी परत घेतला ते मला कळलं नाही, त्यांना कळलं. त्यांनी पर्समधून फोन काढला, मला पान सपाट धरायला लावलं, नेम धरून फोटो काढला आणि पाव डॉलरचं नाणं टेबलावर ठेवलं. मी नको नको म्हणत होते.

"पॅटर्न घेतला ना मी," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या ढिगातले पाच अंक उचलून ते डॉलरला देतेस का म्हणून घासाघीस करू लागल्या.